समुद्राने नारळ परत केला तो हिवाळा

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कधी कुणाच्या हाती पडलंच, तर आधीच सांभाळून घ्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती आणि मुलीला रोज होडीत बसवून पलीकडे पाठवायची आमच्या घरात रीत नव्हती. त्यामुळे कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी, हे माझं कायमचं अर्धवट राहिलं. अक्षराचं तर विचारूच नका. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "सुमन, तुझं अक्षर म्हणजे वाळूवरून कुर्ली चालत गेली." कुर्ली म्हणजे खेकडा. आमच्याकडे कुर्ली सगळ्यांना आवडते, म्हणून मला ते बोलणं कधी लागलं नाही.

आज सकाळी पडदा सरकवला तर सगळं पांढरं. विंडसरला बर्फ कमी पडतो, असं बाकीच्या कॅनडातली माणसं म्हणतात. ज्याला ड्राइव्हवे शोव्हल करायचा असतो तो असं म्हणत नाही. आमचे हे बाहेर होते. कानटोपी, वर हुड, वर मफलर. माणूस कमी आणि कपडे जास्त. फावड्याचा खर्र खर्र आवाज येत होता. नदी, नदीपलीकडचं डेट्रॉईट, समोरचं घर, सगळं कुणी पुसून टाकल्यासारखं झालं होतं. मी चहा ठेवला, आलं किसायला घेतलं, आणि एकदम माझ्या तळपायांना ऊन वाळू लागली. खरंच लागली. जाड मोजे घातलेले असताना.

दोन हिवाळ्यांमागे याच दिवसांत मी अनवाणी होते.

तसं बघायला गेलं तर ते आमच्या घर बदलण्याचं प्रकरण होतं. आमचे हे रिटायर झाले त्या वर्षी सुरू झालं. यांनी जन्मभर मोटारींचे भाग ज्यांत ओततात ते साचे केले. केसाएवढा फरक यांच्या बोटांना कळतो. पण बर्फावर आपटले, गुडघा दुखावला, आणि यांचं मन हिवाळ्यावरून उडालं ते उडालंच. एका संध्याकाळी फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. फोनवर कोस्टारिका नावाच्या देशातलं एक गाव होतं, कॅरिबियन समुद्राच्या काठचं. एकच रस्ता, दुतर्फा माड, पत्र्याची घरं, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या.

"बघ गो, आपलोच गाव. फक्त मासे वेगळे. कसा वाटता?"

"बरा वाटता," मी म्हटलं.

घरात आम्ही मालवणीच बोलतो. आणि मालवणीत विचारा की आणखी कशात, माझं उत्तर हेच असतं. लग्न ठरलं तेव्हा बरं वाटतं. कॅनडाला जायचं ठरलं तेव्हा बरं वाटतं. लाजऱ्या माणसाला हा शब्द फार सोयीचा. त्यात होही मावतं आणि नाहीही मावतं, ऐकणारा आपल्याला हवं ते उचलून घेऊन जातो. यांनी त्यातून काय उचललं, ते मला फार उशिरा कळलं. यांना वाटायचं, समुद्राकाठची मुलगी मी इथे नदीकाठी आणून ठेवली, आणि ती इतकी वर्षं मनातल्या मनात झुरते आहे.

बेत असा ठरला, की एक हिवाळा तिथे राहून बघायचं. रुचलं तर वसंतात परत येऊन विंडसरचं घर विकायला काढायचं. म्हणजे तो हिवाळा नुसता हिवाळा नव्हता. त्याच्या शेवटी घराबाहेर 'फॉर सेल'ची पाटी उभी होती.

आमची प्राची सस्काटूनला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिनं व्हिडिओ कॉलवर बैठकच घेतली. "बाबा, लेट्स डू प्रोज अँड कॉन्स." यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. ऊब. समुद्र. ताजे मासे. खर्च कमी. विंटर टायर नकोत. प्राची म्हणाली, "ओके. हॉस्पिटल? थ्री अवर्स. यू आर डायबेटिक, बाबा. रोड एकच आहे. स्पॅनिश येत नाही. अँड व्हॉट विल आई डू देअर?"

"समुद्र बघतली ती," हे म्हणाले.

"ऑल डे?"

दोघं माझ्याबद्दल छान भांडले. मी मागे उभी राहून भाजी निवडत होते. मला कुणी विचारलं नाही, पण त्यात त्यांचा काही दोष नाही. विचारलं असतं तर उत्तर काय येणार हे दोघांनाही पाठ होतं.

शेजारच्या वंदनाताईंनी मात्र मला पार्किंगमध्ये धरलं. त्या नागपूरच्या, बँकेत नोकरीला. एप्रिलातल्या जयंतीच्या कार्यक्रमाला दरवर्षी पुऱ्या लाटायला मी त्यांच्याकडे असते. लाटताना बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला फार आवडतं. त्या म्हणाल्या, "काहून जी सुमनताई? लोक रिटायर झाले की पुण्यात फ्लॅट घेतात. तुम्ही नकाशात शोधावं लागते अशा ठिकाणी चालल्या. अन् माझ्या पुऱ्या कोण लाटंन?" मी हसले. तेही एक माझं उत्तरच आहे.

पहिल्या सकाळी मी उठून दारात आले आणि घाबरले. सूर्य समुद्रातून वर येत होता. आमच्या देवगडाकडे सूर्य समुद्रात बुडतो. जन्मापासून तेच पाहिलेलं. इथे कुणीतरी समुद्र उलटा घातल्यासारखा. पाणी तांबूस, मग पिवळं, मग इतकं लख्ख की डोळे मिटावेत. त्यात मागच्या झाडीतून वाघ ओरडल्यासारखा आवाज आला. मी आत पळाले. नंतर कळलं, ती माकडं होती. एवढंसं माकड आणि एवढा आवाज! ज्याचं त्यानं बघावं. मी त्या माकडाच्या अगदी उलट आहे.

आईचा नेम होता, नव्या किनाऱ्यावर समुद्राला नारळ दिल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. मी दुकानातून शहाळं नाही, चांगला सोललेला, शेंडीचा नारळ आणला होता. कुणी नाही असं बघून किनाऱ्यावर गेले, कुंकू लावलं, हात जोडले आणि नारळ पाण्यात सोडला.

तोवर मागून एक बाई आली. उंच, काळीभोर, सत्तरीची, डोक्याला पिवळा रुमाल. तिनं घागरा खोचला, गुडघाभर पाण्यात शिरली, नारळ उचलला आणि माझ्या हातात आणून दिला. इंग्रजीत म्हणाली, "तुझा नारळ पडला, बाई."

मी घाईनं "थँक्यू" म्हटलं. ती जरा लांब गेल्यावर मी पुन्हा सोडला. लाटेनं तो काठाशी आणला, आणि तिनं वळून पाहिलं. पुन्हा पाण्यात. पुन्हा नारळ माझ्या हातात. या वेळी तिनं माझी बोटं नारळाभोवती नीट मिटून दिली, लहान मुलाची मिटावीत तशी, आणि म्हणाली, "घट्ट धर. हात कमजोर आहेत का तुझे?"

मी तो नारळ पदराखाली घेऊन घरी आले.  आमच्याकडे नारळी पौर्णिमेला पोरं पाण्यात उड्या मारून नारळ पकडतात, पण पकडतात ते स्वतः खायला. ज्यानं दिला त्याच्या हातात नारळ परत आला, असं कधी मी पाहिलं नव्हतं. आणि तेही दोनदा. मला वाटलं, दर्यानं आपल्याला नको म्हटलं. नवीन होडी पाण्यात घालायच्या आधी असं झालं असतं तर वडिलांनी होडी घातली नसती. यांना सांगावं, तर हे आनंदात घराच्या पायऱ्या मोजत होते.  नारळ फोडायचं धैर्य झालं नाही. फडताळात ठेवून दिला.

ती बाई आमची घरमालकीण निघाली. मिस इनेझ. मागच्या घरात ती राहायची आणि पुढचं घर आम्हाला दिलं होतं. तिथे मोठ्या बायकांना नावाआधी मिस लावतात. मलाही ती मिस सुमन म्हणायला लागली. नातवंडं व्हायच्या वयात मला मिस म्हणणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. तिचं इंग्रजी विंडसरच्या इंग्रजीसारखं नव्हतं. गाणं म्हटल्यासारखं हेलकावे घेत यायचं, आणि मला का कोण जाणे, सगळं कळायचं.

मला तिथे किती सुख लाभलं ते लिहायला हवं. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल, मी तिथे रडतच होते.

तिथे कुणालाच माझ्याकडून काही अपेक्षा नव्हती. विंडसरला दुकानात गेलं की बाजूच्या बाया हवापाण्याचं विचारतात आणि माझ्या तोंडात शब्द गोठतो. म्हणून मी मशिनवर स्वतःच पैसे भरून बाहेर पडते. मशीन विचारत नाही, हाऊ आर यू. त्या गावात स्पॅनिश यांनाही येत नव्हतं. दोघंही सारखेच मुके. आणि मुक्यांच्या शर्यतीत मी पहिली आले! मासेवाल्याच्या टोपलीसमोर मी उकिडवी बसायची, कल्ला उघडून बघायची, नाक मुरडायची, उठून चालायला लागायची. तो हाका मारत मागे यायचा. यांना आश्चर्य वाटायचं. "गो, हेका काय सांगलंस?" काहीच नाही सांगितलं. आईनं जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले. मासे घेण्याची भाषा मला पाळण्यातच आली होती.

आणि नीरफणस! त्या गावात घरोघर नीरफणसाचं झाड. लग्नानंतर मी तो खाल्ला नव्हता. मिस इनेझ तो उकडते किंवा निखाऱ्यावर भाजते. मी काप केले. हळद, तिखट, मीठ, वरून तांदळाचं पीठ, आणि तव्यावर तेलात खरपूस. पहिला काप तिनं उभ्यानं खाल्ला. दुसरा बसून. मग म्हणाली, "सत्तर वर्षं या झाडाखाली झोपते आहे आणि हे मला कुणी सांगितलं नाही?"

तिच्याकडे मी रोज दुपारी जायला लागले. ती नारळाच्या रसात राजमा आणि भात शिजवायची, मी सोलकढी करायची. आमसुलं मी बॅगेतून नेली होती. ती पत्र्याच्या किसणीवर नारळ किसायची, मला आडाळ्याची, आमच्या खोबरं खवायच्या विळीची, आठवण यायची. दोघी समोरासमोर बसून किसलेला नारळ पिळत होतो, तेव्हा मी बघितलं, पहिला दाट रस तिनं वेगळा काढून झाकून ठेवला आणि दुसरा पातळ रस आधी भातात घातला. मी हात थांबवले. "पहिला शेवटी?" मी विचारलं. "पहिला शेवटी," ती म्हणाली, "नाहीतर फाटतो." माझी आई शब्दाला शब्द हेच म्हणायची. पृथ्वीच्या एवढ्या लांबच्या टोकाला कुणीतरी पहिला रस शेवटासाठी झाकून ठेवतं, या एका गोष्टीनं मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. मिस इनेझही हसली. कशाला हसलो ते दोघींनीही विचारलं नाही.

पाऊस पडून गेला की निळसर कुर्ल्या झाडीतून निघून रस्त्यानं चालायच्या. एक आमच्या स्वयंपाकघरात आली. हे चादर घेऊन मागे, कुर्ली पुढे, मग कुर्ली मागे आणि हे पुढे. साठ-पासष्ट वर्षांच्या माणसाला मी पलंगावर चढलेलं पाहिलं. विंडसरला आम्ही इतकं हसल्याचं मला आठवत नाही.

आता दुसरी बाजू.

तिथे काहीच वाळत नाही. मिठाचा दगड होतो. पापड डब्यातच लोळागोळा. यांच्या चामड्याच्या बुटांवर आठवड्यात हिरवी बुरशी धरली, शेवाळलेल्या विहिरीसारखी. पाऊस लागला की लागलाच, वीज जायची, आणि वीज गेली की फोनही जायचा. प्राचीचा चेहरा स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून थांबायचा. बांगडा नावाला नाही. तांबोशी होती, शेवंडं होती, पण बांगड्याशिवायचा समुद्र म्हणजे मिठाशिवायची पेज. आणि ताडाएवढ्या उंच त्या माडांखाली मी एकटीच कुणाशी मराठीत बोलू?

एकदा सलग पाऊस झाला आणि पुलाजवळचा रस्ता वाहून गेला. त्याच दिवशी जेवताना यांच्या घशात काटा अडकला. मालवणी माणूस, काट्यासकट मासा खाणारा, आणि डोळे पांढरे करून बसला. भाताचा गोळा गिळून झाला, केळं गिळून झालं. सुदैवानं फोन लागला. प्राची ओरडत होती, "बाबा, स्टॉप स्वॉलोइंग थिंग्ज! गो टू इमर्जन्सी!"

"रस्तो गेलो," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"गेला म्हणजे? वेअर डिड इट गो?"

मी धावत मिस इनेझला बोलावलं. ती भुवया कोरायचा चिमटा आणि टॉर्च घेऊन आली. यांचं डोकं मागे करून म्हणाली, "तोंड उघड, मिस्टर. मगर असल्यासारखं उघड." आणि काटा बाहेर. बोटाच्या पेराएवढा. आम्ही सगळे हसलो, प्राचीही हसली. पण हसून झाल्यावर यांनी छातीवर हात ठेवला होता तो बराच वेळ काढला नाही. मी तो हात बघत राहिले. काटा होता म्हणून चिमट्यानं निघाला.

आणि एक गोष्ट होती, जी यांनी कुणाला दाखवली नाही. यांच्याकडे मापं घ्यायचा एक कॅलिपर आहे, नोकरीच्या पहिल्या पगाराचा. विंडसरच्या गॅरेजात तो भिंतीवर मखमलीत असतो. हिवाळ्यात बाजूच्या गल्लीतली माणसं बिघडलेले स्नोब्लोअर घेऊन आमच्या गॅरेजात येतात, हे शिव्या देत देत ते दुरुस्त करतात, कॉफी होते, क्रिकेट होतं, हॉकी होतं. तो कॅलिपर यांनी इथे आणला होता. खाऱ्या हवेनं त्याला तांबेरा धरत होता. रोज सकाळी हे मागच्या पायरीवर बसायचे, जुन्या बनियनच्या चिंधीनं तेल लावून तो पुसायचे, पुन्हा गुंडाळून ठेवायचे. मोजायला काही नव्हतं. सूर्य वर येत असायचा, समोर सोनं सांडलेलं असायचं, आणि हे खाली मान घालून चिंधीनं पुसत असायचे. मी खोकत आले की चिंधी खिशात. "काय गो, कसा वाटता?"

"बरा वाटता."

एवढ्यात यांनी मिस इनेझला विसार देऊन टाकला. घर घ्यायचं जवळजवळ नक्की, म्हणून चांगली मोठी रक्कम. मला येऊन सांगितलं तेव्हा यांचा चेहरा लग्नातल्यासारखा झाला होता. मिस इनेझनं त्या पैशांतून आठवड्याभरात मागच्या घरावर नवीन लाल पत्रे घातले. मला फडताळातला नारळ आठवला.

शेवटी मी तिलाच सांगितलं. राजमा निवडताना, तोडक्या इंग्रजीत, हातवारे करत. की आम्ही समुद्राला नारळ देतो. की तो पडला नव्हता, मी दिला होता. की समुद्रानं तो परत केला, म्हणजे आम्ही इथे राहू नये.

तिनं आधी डोळे मोठे केले. मग ताट बाजूला ठेवलं. मग हसायला लागली ती पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "समुद्रानं कुठे परत केला? मी परत केला! समुद्राला विचार तरी, त्याला हवा होता का!" आणि लगेच गंभीर झाली. "चल. मी बिघडवलं, मी नीट करते."

तिनं भावाची होडी मागितली. दोघी म्हाताऱ्या होडीत, भाऊ इंजिनाशी, आणि माझ्या मांडीवर तो जुना नारळ. किती वर्षांनी होडीत बसले! लाटा फुटतात त्याच्या पलीकडे गेल्यावर मी नारळ सोडला. मिस इनेझनं पाण्याला दम भरला, "घे आता. आणि परत आणलास तर बघ." होडी वळली तेव्हा तिनं मला सुकाणूला हात लावू दिला. अंगावर खारं पाणी उडत होतं आणि मी गात होते. मोठ्यानं नाही. पण गात होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी किनाऱ्यावर गेलो, नारळ परत आला की नाही बघायला. किनाऱ्यावर नारळच नारळ होते. रात्री वारं सुटलं होतं. काही माडांवरून पडलेले, काही लाटेनं आणलेले, काही फुटलेले, काहींना कोंब. कुंकू तर धुऊन गेलेलं. आम्ही वाकून वाकून एकेक पालथा करून बघितला आणि शेवटी मिस इनेझ वाळूत बसली. म्हणाली, "मिस सुमन, या समुद्राला तुझं म्हणणं कळत नाही. त्याच्याकडे नारळ फार आहेत."

मीही तिच्याशेजारी बसले.  दर्या काही सांगणार नव्हता. प्राचीचं सांगून झालं होतं, यांचं सांगून झालं होतं. सांगायचं राहिलं होतं ते माझंच.

घरी आले तर हे पायरीवर, चिंधी आणि कॅलिपर. या वेळी मी खोकले नाही, पावलं वाजवली नाहीत. मी शेजारी बसले आणि विचारायच्या आधीच म्हणाले, "माका हय रवाक नको."

यांनी मान वर केली. मी बोलले की कोण दुसरं, अशी.

"पण तुका समुद्र..."

"समुद्र आवाडता. तुमका हय बघूक नाय आवाडत." आणि मग मी बोलतच सुटले. की मी विंडसरला झुरत नव्हते. की मला आपलं बेसमेंट आवडतं, तिथली कपडे वाळवायची दोरी आवडते, जिथे कपडे वाळतात. बर्फ पडल्यावर जी शांतता होते ती आवडते, कारण तेव्हा सगळं जग माझ्यासारखं होतं. वंदनाताईंच्या पुऱ्या आवडतात. तुमच्या गॅरेजातला आरडाओरडा वरच्या मजल्यावर ऐकू येतो तो आवडतो. इथे मी खूप सुखात आहे, पण हे सुख पाहुणीचं आहे. पाहुणीनं निघायच्या वेळी निघावं, म्हणजे पुन्हा बोलावतात.

यांनी कॅलिपर चिंधीत गुंडाळून खाली ठेवला. मग म्हणाले, "ह्या सगळा तुझ्यासाठीच केलंय गो."

"म्हायत आसा."

"मगे आदी कित्याक नाय सांगलंस?"

 यांना राग आला होता. दोन दिवस हे माझ्याशी कामापुरतं बोलले, एकटेच किनाऱ्यावर लांब चालून आले. मलाही वाईट वाटत होतं, पण आतून कुठेतरी हलकं. तोंड उघडलं आणि आभाळ पडलं नाही, हे मला त्या वयात कळलं. तिसऱ्या दिवशी मी कुर्ल्यांचं तिखलं केलं. हे दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाले, "गॅरेजातलो हीटर बंद करून इलो होतंय की नाय, आठवना नाय." तेव्हा मी समजले.

मिस इनेझला सांगायला मीच गेले. ती नव्या लाल पत्र्यांकडे बघत राहिली. पैसे छपरावर चढून बसले होते. यांनी तिला सांगितलं, विसार ठेव, आमच्याकडून शब्द मोडला, रीत तीच आहे. ती ऐकेना. "काटा काढायचे मी एवढे पैसे घेत नाही," म्हणाली. "देईन. समुद्र देतो तसे देईन, कधी टोपलीभर, कधी काहीच नाही. पण सगळे देईन."

विंडसरला आल्यावर तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात यांनी ही गोष्ट सांगितली तर सगळ्यांनी कपाळाला हात लावला. "गेले ते पैसे," एकजण म्हणाले, "समुद्रात टाकले म्हणा." वंदनाताई तेवढ्या म्हणाल्या, "पैसे जाऊ द्या जी. बाई परत आली ना!" आणि माझ्या हातात लाटणं दिलं.

पैसे यायला लागले. मिस इनेझची भाची टोरांटोला असते, तिच्याकडून. कधी बरे, कधी अगदी थोडे, कधी दोन-तीन महिने काहीच नाही. आले की मागोमाग मिस इनेझचा फोन. यांना नाही, मला. पहिल्यांदा मी फोन हातात घेऊन यांच्याकडे बघत राहिले. मग बाथरूममध्ये जाऊन बोलले, तिथे कुणी ऐकत नाही म्हणून. नंतर स्वयंपाकघरात बोलायला लागले. पूल पुन्हा वाहून गेला. नवी भाडेकरीण माकडांना घाबरते. नीरफणसाचे काप आता गावात मिस सुमन नावानं खातात. मी तिला बर्फाचं सांगायची. तिला ते खरं वाटायचं नाही. "किती? गुडघाभर? आणि तुम्ही तिथे मुद्दाम परत गेलात?" तिचं हसणं फोनमधून बाहेर सांडायचं. वंदनाताई एकदा दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "सुमनताई, तुम्ही इंग्रजीत भांडता का काय कुणाशी?" मी पूल नीट बांधा म्हणून सांगत होते.

आज हे शोव्हल करून आत आले. मफलर, हुड, कानटोपी, एकेक उतरवत माणूस बाहेर निघाला. मी चहा पुढे ठेवला. यांनी चष्मा पुसून फोन बघितला, थोडा वेळ बघतच राहिले, मग माझ्यापुढे धरला.

"सगळे इले गो. आज शेवटचे."

"सगळे?"

"एक पैसो कमी नाय."

मी हात पुसले. बाहेर बर्फ पुन्हा पडायला लागला होता, आत्ताच साफ केलेल्या ड्राइव्हवेवर, पण यांनी तिकडे पाहिलं नाही. मी वाट बघत होते. फोन वाजला नाही. चहा संपला तरी वाजला नाही. मला कळलं, तिला वाटलं असेल, आता कशासाठी करायचा.

"तिका फोन लावन द्या," मी म्हटलं.

"आता कित्याक? हिशोब मिटलो."

"म्हणानच लावा."

यांनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि मी तो घट्ट धरला. कुणाला आपणहून फोन करायची माझी ही पहिली वेळ. पलीकडे बराच वेळ वाजत राहिला. मग मिस इनेझचा आवाज आला, धापा टाकत, घाबरलेला.

"मिस सुमन? काय झालं? पैसे कमी आले का?"

"नाही," मी म्हटलं. "पूर्ण आले."